पेडलपासून फोर्कपर्यंत : रायपूरकडच्या जीपगाड्या आणि क्लचच्या लिंकेजची दुरुस्ती

रायपूरच्या गोल बाजाराचे वर्णन करताना सहसा तेथे काय विकले जाते याची मोजदाद केली जाते, आणि ते साहजिकही आहे, कारण मसाले, पूजेचे साहित्य, भांडी, कापड, लग्नकार्याचे सामान असे बारशापासून तेराव्यापर्यंत लागणारे बहुतेक सारे या पेठेत आणि तिला लागून असलेल्या गल्ल्यांत मिळते. मात्र हा माल ज्या वाटांनी आला आणि ज्या वाटांनी धमतरी, राजिम, कांकेर, जगदलपूर अशा दूरच्या गावांकडे गेला, त्या वाटांवरची वाहने आणि ती चालती ठेवणारे हात यांच्याशिवाय पेठेचा इतिहास पुरा होत नाही. रेल्वे येण्यापूर्वी हे काम बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांनी केले, रेल्वे आल्यावर तिने केले, आणि जेथे रूळ संपत आणि पक्की सडकही पावसाळ्यात भरवशाची राहत नसे, तेथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जीप नावाच्या एका ओबडधोबड गाडीने केले. या गाडीच्या तळाशी, चालकाच्या पायाखाली, काही दांड्या, एक आडवी नळी आणि दोन-चार पिना यांची जी जोडणी असते, तिला कारागीर ‘क्लचचे लिंकेज’ म्हणतात; कारखान्यापासून हजारभर किलोमीटर दूर ही गाडी इतकी वर्षे का टिकली, याचे बरेचसे उत्तर या जोडणीत सापडते.

मराठी वाचकाला रायपूर वाटते तितके परके नाही. भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांच्या १७४१ च्या स्वारीनंतर छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल सुरू झाला, १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहून या मुलखाचा कारभार पाहत होते, आणि १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांच्या काळात कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलले. पुढे १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तरी नागपूर आणि रायपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात राहिली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने विदर्भ मुंबई राज्यात व छत्तीसगड मध्य प्रदेशात जाईपर्यंत रायपूरच्या कचेऱ्यांची राजधानी नागपूरच होती. शहरातील तात्यापारा या वस्तीच्या नावात (छत्तीसगडीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला) हा जुना मराठी शेजार अजून टिकून आहे. नागपूरहून राजनांदगाव व दुर्गमार्गे रायपुरास येणारा रस्ता ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ या नावाने बांधला गेला, त्याचे ‘जी. ई. रोड’ हे संक्षिप्त रूप आजही रायपूरकरांच्या तोंडी आहे, आणि मुंबईत जुळवलेली गाडी व तिचे सुटे भाग पूर्वेकडे येण्याची सरळ वाटही तीच होती.

जीपचा जन्म युद्धाच्या घाईत झाला, आणि तिच्या यंत्ररचनेतील साधेपणाचे मूळ या घाईत आहे. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने एका हलक्या, चारही चाकांना शक्ती पोचवणाऱ्या टेहळणीच्या गाडीचा नमुना केवळ ४९ दिवसांत मागितला. बॅन्टम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यावरून तो सप्टेंबरात हजर केला, आणि नंतर विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. विलीजचे मुख्य अभियंते बार्नी रूस यांनी सुधारलेले चार सिलिंडरांचे इंजिन सुमारे २.२ लिटरचे आणि ६० अश्वशक्तीचे होते. ही गाडी रणांगणावर, चिखलात, कारखान्यातील सोयींशिवाय आणि मोजक्या पान्यांनी दुरुस्त व्हावी, ही अपेक्षा आराखड्यातच होती. जी गाडी इटलीतल्या चिखलात जवान दुरुस्त करू शकतो, ती बस्तरच्या वाटेवरचा मिस्त्रीही करू शकतो, एवढाच याचा पुढचा अर्थ.

भारतात ही गाडी दोन वाटांनी आली. पहिली वाट युद्धानंतरच्या लष्करी लिलावांची होती, आणि त्या लिलावांतून घेतलेल्या गाडीला लोक ‘डिस्पोजलची जीप’ म्हणत. दुसरी वाट मुंबईची. जगदीशचंद्र व कैलाशचंद्र हे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापलेली पोलाद व्यापाराची कंपनी, फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेल्यावर १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली, आणि याच सुमारास तिने विलीजच्या जीपगाड्या सुट्या भागांच्या रूपाने आणून माझगावात जुळवण्यास सुरुवात केली. अमेरिकेत १९५३ मध्ये बाजारात आलेला आणि उंच बॉनेटमुळे लगेच ओळखू येणारा ‘सीजे-३बी’ हा नमुना तेथे १९६८ मध्ये बंद झाला, परंतु भारतात त्याची वंशावळ नावे व इंजिने बदलत त्यानंतर कित्येक वर्षे चालू राहिली. अमेरिकेतल्या मूळ गाडीचे चालकासन डावीकडे असते. भारतासाठी ते उजवीकडे आणावे लागले, आणि पेडल एका बाजूहून दुसरीकडे गेले की त्यामागची दांड्यांची सगळी मालिका नव्याने बसवावी लागते. परदेशी पुस्तिकेतले चित्र आणि येथील गाडीचा तळ पुष्कळदा जुळत नाहीत, ते यामुळे. मिस्त्रीने पुस्तिकेपेक्षा गाडीवर अधिक विश्वास ठेवला तो अज्ञानामुळे ठेवला असे समजणे अन्यायाचे ठरेल.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना हवे तेव्हा जोडणारी आणि हवे तेव्हा सोडवणारी यंत्रणा. इंजिनाच्या मागील जड फिरत्या चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, घर्षणाचा थर लावलेली एक तबकडी दाबून धरलेली असते; ही क्लच प्लेट, आणि तिला स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरणारी ती प्रेशर प्लेट. तबकडी दाबलेली असते तोवर इंजिनाची गती चाकांपर्यंत जाते, आणि दाब काढला की इंजिन एकटेच फिरत राहते व गिअर बदलता येतो. हा दाब काढण्याचे काम रिलीज बेअरिंग करते, बेअरिंगला फोर्क नावाचा दुहेरी टोकाचा तरफदांडा पुढे ढकलतो, आणि फोर्कच्या बाहेर आलेल्या टोकापासून चालकाच्या पायापर्यंतचा सगळा पल्ला ही लिंकेजची हद्द आहे.

जुन्या जीपमध्ये पेडलची ओढ एका लहान दांडीने आडव्या नळीकडे जाते. या नळीच्या दोन टोकांना दोन तरफा पक्क्या केलेल्या असतात, त्यांपैकी एकीला पेडलची दांडी जोडलेली असते आणि दुसरीकडून निघालेली तार किंवा दांडी फोर्कला ओढते. नळीचे एक टोक गाडीच्या चासीवर आणि दुसरे इंजिन-गिअरबॉक्सच्या बाजूला, अशा दोन गोल डोक्यांच्या खिळ्यांवर टेकलेले असते, आणि या साध्या योजनेत फार मोठे शहाणपण आहे. इंजिन रबरी बैठकींवर बसवलेले असल्यामुळे ते सतत थरथरते व झोके घेते, चासी मात्र आपल्या जागी राहते. या दोहोंना ताठ दांडीने जोडले असते तर इंजिनाच्या प्रत्येक झोक्याबरोबर क्लच थोडा दाबला गेला असता. गोल डोक्यावर बसलेली नळी हा झोका पचवते आणि पायाचा जोर मात्र पुरा पोचवते. युद्धकाळातील जीपमध्ये इंजिन चासीला बांधून ठेवणारी एक वेगळी तारही असे. ती सैल झाली की क्लच दाबताना इंजिनच पुढे सरके आणि पायाची मेहनत वाया जाई.

या जोडणीत दोष येतो तो बहुधा एका दिवसात येत नाही. पिन ज्या भोकात फिरते ते भोक हळूहळू वर्तुळाकार न राहता अंड्यासारखे लांबट होते. पिन बाहेर काढून उजेडात धरली तर तिच्या एका अंगाला, जेथे जोर येतो तेथे, आरशासारखी चकाकी आणि नखाला लागेल एवढी खाच दिसते, तर दुसऱ्या अंगावर गंज आणि जुने ग्रीस मिळून झालेला तांबूस लेप तसाच असतो. गोल डोक्याच्या खिळ्याचा वरचा भाग चपटा होतो, त्याला धूळ लागू नये म्हणून घातलेली नमद्याची चकती कधीच कुजून गेलेली असते, आणि तेथे ग्रीसऐवजी चिखल भरतो. छत्तीसगडात या चिखलाचे प्रकार शेतकऱ्याच्या तोंडी आहेत: काळी चिकट ‘कन्हार’, पिवळसर ‘मटासी’, दोहोंच्या मधली ‘डोरसा’ आणि लाल मुरमाड ‘भाठा’. कन्हार सांध्यांत बसून वाळली की घट्ट होते, तर भाठ्याची बारीक खडी सांध्याला कानशीसारखी घासते.

प्रत्येक सांध्यातील झीज लहान असली तरी त्यांची बेरीज मोठी असते, कारण पेडल ही लांब तरफ आहे आणि फोर्कच्या टोकाशी गमावलेले केसभर अंतर पायापाशी कित्येक पटींनी मोठे होऊन दिसते. कारखान्याच्या मापाप्रमाणे पेडल दाबायला लागल्यावर पहिली पाऊण ते एक इंच हालचाल मोकळी असावी लागते. मिस्त्रींच्या भाषेत बोलायचे तर बेअरिंग आणि प्रेशर प्लेटच्या बोटांमध्ये अर्ध्या सुताची फट हवी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि मेट्रिक मापे कायद्याने येऊन दशके लोटली तरी लेथवर आणि पान्यांच्या पेटीत हे माप टिकून आहे. ही मोकळी हालचाल अजिबात नसेल तर बेअरिंग सतत फिरत राहून जळते आणि चढावर क्लच ‘स्लिप’ होतो. ती फार वाढली तर पेडल तळाला टेकले तरी क्लच पुरता सुटत नाही. जुन्या जीपच्या पहिल्या व रिव्हर्स गिअरला दातांचा वेग आपोआप जुळवणारी योजना नसल्यामुळे अशा वेळी गिअर पडताना जो करकराट होतो, तो ऐकूनच अनुभवी कारागीर आधी दांड्यांकडे पाहतो आणि गिअरबॉक्स खोलण्याची घाई करत नाही.

रायपूरहून दक्षिणेस जगदलपूरकडे जाणारा सुमारे तीनशे किलोमीटरचा रस्ता कांकेरच्या पुढे केशकालचा घाट चढतो, आणि त्या घाटातील लागोपाठच्या तीव्र वळणांवर, विशेषतः माणसे व सामान यांनी भरलेल्या गाडीत, क्लच जितक्या वेळा दाबावा लागतो तितका मैदानातल्या अख्ख्या दिवसात लागत नाही. १९५८ मध्ये निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी सुरू झालेला दंडकारण्य प्रकल्प, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेला भिलाईचा पोलाद कारखाना आणि त्यानंतरच्या दशकात सुरू झालेल्या बैलाडिल्याच्या लोहखाणी यांमुळे या मुलखात सर्वेक्षक, वनाधिकारी, कंत्राटदार, डॉक्टर यांची ये-जा वाढली, आणि रस्ता नसलेल्या ठिकाणी पोचणारे वाहन त्या काळात मुख्यतः जीपच होते. १९६९ मध्ये सुरू झालेल्या जबलपूरच्या वाहन निर्मिती कारखान्यातून पुढे सैन्यासाठी ‘जोंगा’ ही गाडी निघू लागली आणि लिलावांतून तीही नागरिकांच्या हाती आली, पण सुटे भाग मिळण्याच्या बाबतीत ती जीपची बरोबरी कधी करू शकली नाही.

वाटेत लिंकेज तुटले तर काय करावे, हे ज्ञान चालकांच्या पिढ्यांनी जपले. बंद इंजिनाच्या गाडीला, शक्यतो ट्रान्सफर केसचा, म्हणजे चारही चाकांना शक्ती वाटणाऱ्या पेटीचा, कमी वेगाचा लिव्हर लावून, पहिल्या गिअरमध्ये घालायचे आणि सेल्फ स्टार्टरनेच गाडी पुढे ढकलत इंजिन चालू करायचे; त्यानंतरचे गिअर इंजिनाचा वेग कानाने जुळवून क्लचशिवाय टाकायचे, आणि थांबण्याची वेळ आली की इंजिन बंद करायचे. जवळपास गाव असेल तर तुटलेल्या तारेच्या जागी सायकलची ब्रेकतार दुहेरी करून बांधण्यापर्यंत मजल जाई, मात्र हा उपाय चार-दोन वेळा पेडल दाबण्यापुरताच असतो.

गॅरेजात आल्यावर दुरुस्तीला तीन दिशा असतात. लांबट झालेले भोक मोठे करून त्यात पितळी किंवा पोलादी ‘बुश मारणे’, म्हणजे आतून नवी नळी ठोकून बसवणे, ही पहिली आणि सर्वांत उत्तम; भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडणे ही दुसरी; आणि नुसती जाड पिन घालून वेळ मारून नेणे ही तिसरी, जिच्यात झिजलेल्या भोकाचा आकार तसाच राहतो आणि नवी पिनही थोड्याच दिवसांत खाल्ली जाते. चपट्या झालेल्या गोल खिळ्यावर वेल्डिंगचा थर चढवून तो लेथवर, म्हणजे तिकडच्या भाषेत खरादावर, पुन्हा गोल करतात. सर्वांत अवघड दुरुस्ती आडव्या नळीची. तिच्यावरची तरफ वेल्डपाशी तडकून सुटली, तर दोन तरफांमधला मूळ कोन हरवतो, आणि हा कोन थोडा जरी चुकला तरी पेडलचा पल्ला पुरा होऊनही फोर्क पुरेसा सरकत नाही. कारण तरफ दांडीशी काटकोनाच्या आसपास असते तेव्हाच तिची ओढ सर्वाधिक उपयोगी पडते. तरफ पुरती तुटण्याआधीच गाडी आली असेल तर जाणता मिस्त्री नळी आणि तरफ या दोहोंवरून छिन्नीची एक आडवी रेघ ओढून ठेवतो. कोन आधीच हरवला असेल तर फोर्क आणि पेडल दोन्ही विसाव्याच्या जागी ठेवून तरफेला फक्त एक-दोन टाके मारतो, नळी बसवून पेडल दाबून पाहतो, आणि मगच ती बाहेर काढून पूर्ण वेल्ड करतो. ती बाहेर काढणे हा केवळ नेटकेपणाचा भाग नाही, कारण या गाड्यांत इंधनाची टाकी सीटखाली असते आणि तिच्या जवळ ठिणगी उडवणे जिवावर बेतू शकते. आतमध्ये अस्तरासारखी दुसरी नळी घालून जोड देणारा कारागीर आपल्या कामाला पुढची पंधरा-वीस वर्षे देत असतो. असे काम गाडी पुन्हा जोडल्यावर दिसेनासे होते, त्याची पावती कोणी मागत नाही, आणि यंत्रांच्या इतिहासात शोधकांची नावे उरतात ती या माणसांच्या हातांवर उभी राहून.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची जी लाट देशभर आली, तिने या कारागिरीला आणखी एक वळण दिले. ट्रॅक्टरचे किंवा व्हॅनचे जड इंजिन जीपच्या पोटात बसवायचे म्हणजे त्याच्या बैठकी, गिअरबॉक्सला जोडणारी प्लेट आणि क्लचचे लिंकेज हे सारे त्या एका गाडीपुरते नव्याने रचावे लागे. तारेऐवजी आटे पाडलेली ताठ दांडी आणि तिच्यावर माप पक्के करणारा चेक नट ही योजना पुष्कळ गाड्यांत दिसते. ती टिकाऊ खरी, परंतु डिझेलचा दणका सांध्यांपर्यंत थेट पोचवणारीही. हरियाणा-पंजाबच्या सीमेवरील डबवालीसारख्या गावांत तर जुन्या भागांतून संपूर्ण उघडी जीप बांधण्याचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. नव्या-जुन्या भागांसाठी मुंबईत कुर्ल्याच्या भंगार गाळ्यांपर्यंत आणि दिल्लीत कश्मीरी गेटपर्यंत जाणे मध्य भारतातील गॅरेजवाल्यांना नवे नव्हते, तरीही लिंकेजचा भाग शोधायला इतक्या लांब जाण्याची गरज क्वचितच पडे. प्रेशर प्लेट विकत आणावी लागते, पिन आणि बुश मात्र गावातच घडवता येतात.

अवजारांविषयीचा आदर हा या प्रदेशाचा जुना संस्कार आहे. श्रावणी अमावास्येला छत्तीसगडात ‘हरेली’ साजरी होते आणि शेतकरी नांगर, कुदळ, विळा धुऊन त्यांची पूजा करतात. तेथील महिने पौर्णिमेला संपत असल्यामुळे ही तिथी मराठी पंचांगातील आषाढी अमावास्या, म्हणजे आपल्याकडची दिव्याची अवसच असते. गॅरेजे आणि लेथखाने आपली पूजा १७ सप्टेंबरला विश्वकर्म्याच्या नावाने करतात, जेव्हा महाराष्ट्रातला मिस्त्री खंडेनवमीची वाट पाहत असतो. पान्यांना हळदकुंकू लागते त्या दिवशी यंत्रे बंद राहतात, आणि नांगराची हरेली ते लेथची विश्वकर्मा पूजा हा प्रवास लोहाराच्या ऐरणीपासून मोटारगॅरेजापर्यंतच्या प्रवासाशी समांतर आहे.

पुढच्या पिढीच्या गाड्यांत दांड्यांची जागा आवरणातल्या तारेने आणि नंतर द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या सिलिंडरांनी घेतली. पाय हलका झाला, सांधे कमी झाले, झीज दिसेनाशी झाली. पण सिलिंडरातील रबरी वायसर गेले की तो भाग विकतच घ्यावा लागतो, आणि तो बाजारात येणे बंद झाले की गाडी उभी राहते. वापरणाऱ्याच्या सोयीच्या दृष्टीने नवी योजना सरस आहे, हे मान्य करूनही दीर्घायुष्याच्या दृष्टीने जुनी योजना वरचढ होती असेच म्हणावे लागते.

या जुन्या गाड्यांना आता कायद्यातही जागा मिळाली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. त्यांच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. गाडी मूळ रूपात असावी आणि तिच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातील मुख्य अट. तेलसंकटाच्या काळात डिझेल इंजिन बसवून ज्या जीपगाड्या वाचवल्या गेल्या, त्यांना ही अट जड जाते. लिंकेजचे नाव मात्र त्या अटीत नाही. त्यामुळे मूळ पेट्रोल इंजिन जपलेल्या एखाद्या जीपखाली रायपूरच्या लेथवर गोल केलेला खिळा, गावातल्या पितळेचा बुश आणि छिन्नीच्या रेघेवरून पुन्हा जोडलेली आडवी नळी असली, तरी ती जीप नियमानुसार मूळ रूपातलीच ठरते.